डाव्या कुशीवरच्या गाठी

ड्रायव्हरकाका चादरीचं गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन कुत्र्यांचे केस कापायच्या दुकानात शिरले, तेव्हा थोरली टबापाशी वाकून एका भल्यामोठ्या कुत्र्याच्या अंगावरचा साबण धूत होती. काका तिच्या माहेरचे शेजारी. उभा जन्म बस चालवण्यात गेला. आता निवृत्त झाले तरी कुणाला कुठे काही पोचवायचं असलं की लोक त्यांनाच सांगत. "एक पॅसेंजर आणलाय," ते म्हणाले. एरवी असं काही बोलून ते स्वतःच हसायचे. आज हसले नाहीत. "तुमच्याच घरचा आहे."

टेबलावर ठेवून त्यांनी चादर उलगडली आणि ओलसर, आंबूस वास दुकानभर पसरला. आत कुत्रं होतं, पण कुत्रं दिसत नव्हतं. दिसत होता तो मळकट राखाडी रंगाचा एक टणक थर, ओलं कांबळं कुणी अंगावर टाकून तसंच वाळू द्यावं तसा. एक कान मानेला चिकटून गेला होता. पुढचा एक पाय वर धरलेला होता. थोरलीने हात पुसत "कुणाचं हे?" म्हणून विचारलं, आणि तिचा आवाज ऐकून त्या थराच्या मागच्या टोकाला काहीतरी हललं. शेपूट होती ती. तेव्हा तिला कळलं की हा गोंड्या आहे.

गोंड्या तिनेच आईला दिला होता. वडील गेल्यानंतर एक गिऱ्हाईक परगावी जाताना त्याला दुकानात ठेवून गेलं, ते परत आलंच नाही. पांढराशुभ्र, लोकरीसारख्या कुरळ्या केसांचा, मांडीवर मावेल एवढा जीव. आईला घर खायला उठत होतं, म्हणून थोरलीने त्याला उचलून माहेरी नेलं. असल्या केसांचं कुत्रं म्हणजे रोजचं काम. त्याचे केस वाढतच राहतात, आणि जे गळतात तेही खाली पडत नाहीत, उरलेल्यात अडकून बसतात. पण थोरली दर महिन्याला जायची, नाहीतर धाकटी बहीण त्याला दुकानात घेऊन यायची, आणि गोंड्या कापसाच्या बोळ्यासारखा होऊन घरी परतायचा. आई त्याच्याशी दिवसभर गप्पा मारायची. तो ऐकायचाही, निदान वडील ऐकायचे त्याहून बरा, असं ती म्हणायची.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. धाकटीने लग्न केलं नव्हतं, ती आईजवळच राहायची. चष्म्यांच्या दुकानातली चांगली चाललेली नोकरी तिने सोडली. थोरली सुट्टीच्या दिवशी जायची, हातभार लावायची आणि संध्याकाळी आपल्या घरी परत यायची. हिवाळ्याच्या तोंडाला एकदा तिने विषय काढला, की अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळणारं एक चांगलं ठिकाण आहे, नुसतं बघून तरी येऊ. धाकटी भांडी घासत होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "तुला जमत नसेल तर तू येऊ नकोस, ताई. मी कुणाला बोलावलेलं नाही."

थोरलीला ते लागलं. ती खरंच गेली नाही. मधूनमधून फोन करायची, धाकटी "ठीक आहे सगळं" म्हणायची, गोंड्याचं विचारलं तर "मजेत आहे" म्हणायची, आणि दोन्हीकडे फोन ठेवला जायचा. अडून बसण्यात एकीपेक्षा दुसरी सरस. सबंध हिवाळा असा गेला.

"तिने पाठवलं?" थोरलीने काकांना विचारलं.

नाही, काकांनीच उचलून आणलं होतं. जिन्यात तो लंगडताना दिसला, दार उघडंच होतं, म्हणून त्यांनी आत डोकावून धाकटीला सांगितलं की मी याला ताईकडे नेतो. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते काकांना कळलं नाही, त्यांनी आपलं हो धरलं. "तिच्यावर रागावू नकोस," जाता जाता ते म्हणाले. "आधी घरी जाऊन बघ."

थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

इतकी वर्षं या धंद्यात काढताना तिने एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती: गिऱ्हाइकाला बोल लावायचा नाही. जटा झालेलं कुत्रं घेऊन येणारा माणूस आधीच ओशाळलेला असतो. तो सांगतो, अहो कालपर्यंत काही नव्हतं. जणू कुणी चोर येऊन त्याच्या कुत्र्याला गाठी मारून गेला. ती ऐकून घ्यायची आणि मग शांतपणे दाखवायची. वरवर ब्रश फिरवला की केस छान दिसतात, पण खाली कातडीलगत गुंता वाढतच असतो. म्हणून बोटांनी केस बाजूला सारून भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून एकेक पदर विंचरत वर यायचं. मग फणी घालून बघायची. फणी अडली तर काम झालेलं नाही. कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली, जिथे जिथे घासतं तिथे रोज हात फिरवायचा. आणि गुंता असताना अंघोळ घालायची नाही, पाण्याने गाठ आणखी आवळते. न रागावता, न कंटाळता हे तिने किती जणांना सांगितलं असेल त्याला सुमार नाही. पण ते परके लोक होते. ही तिची बहीण होती आणि हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

मोठं कुत्रं वाळवून मालकाच्या हवाली केल्यावर तिने दाराला आतून कडी घातली आणि गोंड्याकडे वळली. विंचरून सोडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जट ओढली की कातडी ओढली जाते. तसं करू गेलं असतं तर त्या जिवाने टेबलावरच प्राण सोडला असता. एकच मार्ग होता. मशीनला बारीक पातं लावायचं आणि थराच्या खालून, कातडीला धरून काढत जायचं, मेंढीची लोकर काढतात तसं. मानेच्या मागे तिला एक फट सापडली. दोन बोटांनी कातडी ताणून धरत तिने मशीन चालू केलं. गोंड्या थरथरू लागला. ती त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिचं तिला सांगता आलं नसतं.

पातं तापलं की थांबायचं, मनगटाला लावून बघायचं, निवलं की पुन्हा. थर सलग सुटून येत होता आणि त्याखाली लालभडक, ओलसर कातडी होती, जिला कित्येक महिन्यांत वारा लागला नव्हता. जटेत चिकटपट्टीचे तुकडे निघाले, नळी किंवा पट्टी बसवायला वापरतात तसली. गोळ्यांच्या वेष्टनाचा चुरा निघाला. सांडून खडा झालेलं औषध निघालं. कानापाशी तिने मशीन बाजूला ठेवलं आणि केसाकेसाने काम केलं, कारण तिथे जट कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळत नव्हतं, बोटांनी चाचपावं लागत होतं. काखेतली जट दोरीसारखी पायाभोवती आवळली होती. ती कापल्यावर खाली चर पडलेला दिसला, आणि चरात पू. थोरलीला इतका राग आला की तिने कात्री खाली ठेवली.

एकच गोष्ट तिला उमजली नाही. डाव्या कुशीवरच्या जटा वेगळ्या होत्या. बाकीच्या अंगावर केस घासून, दबून एकमेकांत रुतले होते, सतरंजीसारखे सपाट. डाव्या कुशीवर मात्र पीळ होते, करंगळीएवढे, एकाला लागून एक, सुतळी वळावी तसे. घासण्याने असं होत नाही. ओलाव्यानेही होत नाही. तिने त्यातला एक पीळ बोटांत धरून उलटसुलट करून पाहिला, काही बोध होईना, आणि इतरांबरोबर तोही कापून टाकला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, की आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय काढावा लागला असता. आता वाचेल. कानाकडे लक्ष द्या, इतके दिवस अडकलेला कान मोकळा झाला की कुत्रं तो झटकत राहतं आणि आत रक्त साकळतं. त्यांनी डोक्याभोवती सैलसर पट्टी बांधून दिली. कुत्रं कुणाचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा थोरली "आमच्याच घरचं" म्हणाली आणि तिची मान खाली गेली.

घरी तिने नवऱ्याच्या कानावर सगळं घातलं. तो म्हणाला, भांडायला जाऊ नकोस. आणि भांडायलाच जाणार असशील तर निदान काहीतरी खाऊन जा. ती न खाताच निघाली.

गोंड्याला पिशवीत घेऊन माहेरचे जिने चढताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. कुत्रं तुला परत मिळायचं नाही. आणि आईलाही मी घेऊन चालले. रागाच्या तळाशी एक भीती होती, ती तिने नवऱ्यालाही बोलून दाखवली नव्हती. कुत्र्याची ही गत असेल तर चादरीखाली आईची काय असेल? पडून राहिलेल्या माणसाची पाठ कशी होते हे सासऱ्यांच्या वेळी तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दार धाकटीने उघडलं. अंगावरचा गाऊन पुढून ओला, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. डोळ्यांखाली इतकं काळं झालं होतं की हिला कुणी मारलंय की काय असं वाटावं. तिच्या मागे खुर्चीवर घड्या न घातलेल्या चादरींचा ढीग, सज्जातल्या कुंड्यांत नुसत्या काटक्या. तिने बहिणीच्या हातातली पिशवी बघितली आणि बाजूला झाली.

थोरली सरळ आईच्या खोलीत गेली. तिथे पसारा नव्हता. चादर ताणून बसवलेली, तिला एक सुरकुती नाही. औषधं, पेला, चमचा, पावडरचा डबा, सगळं जिथल्या तिथे. आई डोळे मिटून पडली होती. थोरलीने पिशवी खाली ठेवली, पांघरूण काढलं आणि आईला हळूच कुशीवर करून तिची पाठ बघितली.

पाठ नितळ होती. माकडहाडावर, खांद्यांवर, टाचांवर, कुठे लालीसुद्धा नव्हती. टाचांना तेल लावलेलं होतं. नखं कापलेली होती. पातळ पांढऱ्या केसांच्या दोन बारीक वेण्या घातल्या होत्या. डोक्याच्या मागे, जिथे उशीवर घासून घासून अशा माणसांच्या केसांचा हमखास बोळा होतो, तिथे थोरलीने सवयीने बोटं घातली. बोटं कातडीपर्यंत गेली आणि कुठेही न अडता बाहेर आली.

जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"बघितलंस?" धाकटी दारातून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग यायलाही अंगात काही लागतं. "हात दोनच आहेत, ताई. कुणाला तरी सोडावं लागलं."

"मला सांगायचंस."

"तू यायची बंद झालीस."

"तूच म्हणालीस येऊ नकोस."

"म्हणाले," धाकटी म्हणाली. "मग तू ऐकलंस कशाला?"

थोरलीने आईला पुन्हा उताणं केलं, उशी सारखी केली, आणि पांघरूण घालताना तिची नजर आईच्या डाव्या हातावर गेली. तो धड राहिलेला हात चादरीवर पडला होता आणि हलत होता. अंगठा आणि दोन बोटं कापडाची चिमूट पकडायची, तिला पीळ द्यायची, सोडायची. सरकून पुढे जायची, पुन्हा चिमूट, पुन्हा पीळ. आईचे डोळे मिटलेलेच होते. हात मात्र चादरीच्या त्या पट्ट्यावर काहीतरी शोधत फिरत होता.

तसाच एक पीळ थोरलीने दुकानातल्या टेबलावर बोटांत धरून पाहिला होता.

धाकटीने मग सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की चांगला हात चालता ठेवा, नाहीतर तोही आखडेल. रबरी चेंडू दिला, आईने टाकून दिला. कापडाची गुंडाळी दिली, तीही टाकली. दिवसभर छताकडे बघायची आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहायचं. मग एक दिवस गोंड्या पलंगावर चढला आणि तिच्या डाव्या अंगाला चिकटून झोपला. आईचा हात त्याच्या केसांत गेला आणि वळू लागला. त्या दिवसापासून डोळ्यांतलं पाणी थांबलं.

सुरुवातीला धाकटी रोज ते पीळ सोडवायची. पण गाठी घट्ट व्हायच्या, त्याला दुखायचं, पुढे पुढे फणी दिसली की तो पलंगाखाली दडी मारायचा. एकदा तिने कात्री घेतली. पहिला पीळ कापला आणि आईच्या तोंडून आवाज निघाला. झटका आल्यापासून तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. धाकटीने कात्री ठेवून दिली ती पुन्हा हातात घेतली नाही.

"मला दिसत होतं गं," ती म्हणाली. "रोज दिसत होतं. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले. पायाचं मात्र खरंच नाही कळलं. तो ओरडला असता तर कळलं असतं. तो ओरडलाच नाही."

थोरलीने पिशवीची चेन उघडली. आत उघडावाघडा, गुलाबी, निम्म्या आकाराचा झालेला गोंड्या होता. धाकटीने त्याला पाहिलं आणि तोंडावर हात धरला. तो धडपडत बाहेर आला, लंगडत पलंगाशी गेला आणि वर बघत उभा राहिला. थोरलीने त्याला उचलून त्याच्या जागेवर ठेवलं. तो आईच्या कुशीत सरकला.

आईचा हात त्याच्याकडे गेला. बोटं उघड्या कातडीला लागली आणि थांबली. जरा वर गेली, जरा खाली आली. मग आईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हात काढून छातीवर घेतला. तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या दिवशी थोरली आपल्या घरी गेली नाही. तिने धाकटीला झोपायला सांगितलं. ती नको नको म्हणत बाहेरच्या बाकावर बसली ती बसल्या जागी कलंडली. थोरलीने नवऱ्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, की राहा, मला काय, डाळतांदूळ शिजवता येतात.

पुढचे दिवस वाईट गेले. आई जेवेना, भरवलेला घास गालात धरून ठेवायची. तिच्या हाताशी त्यांनी लोकरीची शाल देऊन पाहिली, झालरीची उशी देऊन पाहिली. थोरलीने दुकानातून दुसऱ्या एका कुत्र्याचे धुतलेले मऊ केस आणून तिच्या मुठीत दिले. आईने मूठ उघडली आणि ते खाली पडू दिले. थोरलीला सारखं वाटायचं, विचारायला हवं होतं. मशीन लावण्याआधी एक फोन करायला हवा होता. पण पाय सडत चालला होता हेही तितकंच खरं होतं, आणि ती दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडायची. धाकटीने मात्र तिला एका शब्दाने दोष दिला नाही. गोंड्याही रोज आपल्या जागेवर जाऊन झोपायचा, हात येवो न येवो.

थोरलीने दुपारनंतर दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटलीही. ती रोज माहेरी यायची, धाकटीच्या हातातलं काम घ्यायची. पहिल्यांदा दोघींची खूप टक्कर व्हायची, कारण धाकटीला कुणाचं काम पसंत पडायचं नाही. चादर अशी नाही, उशी तशी नाही. थोरली गप्प बसून सांगेल तसं करायची. हे तिला सोपं गेलं नाही.

गोंड्याची जखम भरली. त्याच्या अंगावर आधी मखमलीसारखी लव आली, मग ती वाढली, वळू लागली. एका दुपारी थोरली स्वयंपाकघरात औषध चुरत असताना धाकटीने तिला आतून हलकेच हाक मारली. ती गेली तर धाकटी पलंगापासून लांब उभी होती, जवळ गेलं तर काही मोडेल असं तोंड करून. आईचा हात गोंड्याच्या डाव्या कुशीवर होता. बोटं चिमूट धरू पाहत होती, केस आखूड होते, निसटत होते. बोटं पुन्हा धरत होती.

त्या दिवशी आई पोटभर जेवली.

त्यानंतरचा नेम असा ठरून गेला की दिवसभर आईने वळावं आणि संध्याकाळी थोरलीने सोडवावं. उजेड असेपर्यंत ती पलंगाशेजारी स्टुलावर बसायची, गोंड्याला मांडीवर घ्यायची आणि डाव्या कुशीवरचे ताजे पीळ उलगडायची. चिमूटभर पावडर लावायची, मुळाशी केस बोटांत घट्ट धरायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत मुळाकडे यायचं. त्या त्या दिवशीच सोडवली तर कुठलीच गाठ जड नसते. नंतर काख, कान, मांड्या, फणी. गोंड्या आता पळायचा नाही, सुस्कारा टाकून पसरायचा. आई डोळे उघडे ठेवून बघायची. तिला ते आवडतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्या वेळात धाकटी खाली उतरून चालून यायची. कधी पार चष्म्यांच्या दुकानापर्यंत जाऊन काचेतून आत बघून परत यायची, हे ड्रायव्हरकाकांनी थोरलीला सांगितलं; धाकटीने स्वतः नाही.

एकदा थोरली एक पीळ सोडवत असताना आईचा हात पुढे आला. तिला वाटलं गोंड्याकडे आला. पण त्या बोटांनी तिचं बोट धरलं, आणि हळूहळू, नेहमीच्या लयीत, त्याला पीळ देऊ लागली. थोरलीने हात तसाच राहू दिला. बोट दुखायला लागलं तरी राहू दिला. धाकटी चालून परत आली, दारात थबकली आणि चपला हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

उन्हाळा सरता सरता आई गेली. सकाळी धाकटी तिचं तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन आली, तेव्हा हात गोंड्याच्या अंगावरच होता, पण थांबलेला. माणसं आली, काकांनी पुढाकार घेऊन करायचं ते सगळं केलं, माणसं गेली. थोरली त्या सगळ्यात रडली नाही. लोकांना पाणी देत राहिली, पलंगाची चादर काढली, औषधं डब्यात भरली.

काही दिवसांनी एका संध्याकाळी ती सवयीने स्टुलावर बसली आणि गोंड्याला मांडीवर घेतलं. डाव्या कुशीवर भांग पाडला, फणी लावली. फणी मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत सरळ निघून आली. तिने पुन्हा लावली. पुन्हा तशीच आली. पूर्ण कुशीवर तिला एकही गाठ सापडली नाही. तेव्हा मात्र ती रडली, आणि धाकटीने येऊन तिच्या हातातली फणी काढून घेतली.

गोंड्या कुणाकडे राहणार यावर दोघींचं थोडंसं वाजलंच. शेवटी असं ठरलं की तो धाकटीकडेच राहील, पण ती कामावर असताना दुकानात राहील. चष्म्यांच्या दुकानाने तिला परत घेतलं होतं. पहिल्या दिवशी काम संपवून ती त्याला न्यायला आली तेव्हा थोरलीच्या टेबलावर शेवटचं कुत्रं होतं, नुकतंच धुतलेलं. धाकटी कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकली. म्हणाली, की एका आजोबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर त्यांनी विचारलं, बाई तुम्ही इतक्या हळू का बोलता? घरात कुणी झोपलंय का? हे सांगताना ती हसली थोडी. मग गोंड्या तिच्या पायांवर हनुवटी टेकून बसला, तिने डोळे मिटले आणि बघता बघता तिची मान एका बाजूला झाली.

थोरलीने हात लांब करून ड्रायर बंद केला. टेबलावरचं कुत्रं अजून बरंच ओलं होतं. तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि आवाज न करता त्याचा एकेक पाय टिपून कोरडा करायला लागली.